लाल औषधाची नाजूक डबी
डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं लाल रंगाचं जुनं औषध. गाठीशी झुंजतं, पण हृदयालाही इजा करू शकतं. १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिलमध्ये हेच औषध स्निग्ध पदार्थाच्या, सुमारे १०० नॅनोमीटरच्या पोकळ कणात बंद केलेलं असतं. आपला केस त्याहून शेकडो पट जाड! निरोगी रक्तवाहिन्यांतून हे कण सहसा निसटत नाहीत; गाठीतल्या वाहिन्या घाईनं वाढलेल्या, फटींच्या, तिथून झिरपतात. मात्र ‘थेट गाठीवर नेम’ हे वर्णन आम्हा कवींनाच शोभेल. नॅनोकणांच्या प्राण्यांवरील प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला, तेव्हा निम्म्या नोंदींत मात्रेचा ०.७ टक्काही गाठीत पोचलेला नव्हता. डॉक्सिलची खरी कमाई म्हणजे हृदयाला होणारी इजा कमी; तळहात-तळपाय मात्र सोलवटू शकतात. म्हणून असं महागडं इंजेक्शन सुचवलं, तर मी डॉक्टरांना आधी विचारीन: यानं आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल?