मटण सोडलं, तरी कोलेस्टेरॉल का वाढलं?

आजचा भाग घरातूनच सुचलाय. गेल्या वर्षी पप्पांनी रविवारचा तांबडा-पांढरा बंद केला आणि त्याच झटक्यात कोलेस्टेरॉलची गोळीपण बंद केली. कुणाला न विचारता. "मटण सोडलंय की मी, आता गोळी कशाला?" तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, एलडीएल पुन्हा वर. मी कोड लिहिणारा माणूस, बायोलॉजी बारावीलाच सोडलेली. पण 'इनपुट बंद केला तरी आउटपुट कसा वाढला?' हे काही डोक्यातून जाईना.

उत्तर असं, की शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही. पेशी ते स्वतः बनवतात, त्यात यकृत पुढे. कच्चा माल म्हणजे अ‍ॅसिटिल-कोए, दोन कार्बनचा तुकडा. भात, भाकरी, तेल, कशातूनही मिळतो. असे तीन तुकडे जोडले की सहा कार्बनचं एचएमजी तयार होतं, आणि त्यापासून मेव्हॅलोनिक अ‍ॅसिड. पुढे त्यातला एक कार्बन गळतो आणि पाच कार्बनची वीट उरते. अशा सहा विटांचं स्क्वॅलीन, तीस कार्बनचं. त्यातून शेवटी कोलेस्टेरॉल. (याच विटा वनस्पतीही वापरतात. सांगलीच्या हळदीचा तो वास आहे ना, त्यातला टर्मेरोन तीन विटांचा!)

आता खरी गंमत. या सगळ्या वाटेवर मुख्य नाका एकच: एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम. आपल्या राधानगरीचे सात दरवाजे आठवा. पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात, बटण कुणी दाबत नाही. पेशीचंही तसंच, फक्त उलटं: साठा भरला की दरवाजा बंद. कोलेस्टेरॉल कमी पडलं की एसआरईबीपी नावाचं प्रोटीन केंद्रकात जाऊन एन्झाइम बनवायची ऑर्डर देतं. जास्त झालं की ते अडवून ठेवलं जातं, आणि असलेलं एन्झाइमही मोडीत काढलं जातं. पेशीत ऊर्जा कमी असेल तर आणखी एक ब्रेक लागतो, तो वेगळा.

म्हणजे पप्पांच्या ताटातून कोलेस्टेरॉल गेलं, तशी यकृतानं स्वतःची भट्टी वाढवली. पथ्य फुकट नाही हां. खोबरं, तूप यातल्या संतृप्त चरबीनं यकृताचं रक्तातून एलडीएल उचलणं मंदावतं. पण नुसत्या पथ्यावर सगळ्यांचं भागत नाही.

गोळी, म्हणजे स्टॅटिन, थेट नाक्यावर बसते. जपानच्या अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले आणि 1973 मध्ये एका निळसर-हिरव्या बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. त्यांचा तर्क साधा होता: बुरशीलाही याच वाटेनं स्टेरॉल लागतं, तर एखादी बुरशी शेजारणीची वाट अडवत असणार. 1987 मध्ये अमेरिकेत पहिली स्टॅटिन गोळी बाजारात आली.

पण नाका अडवला की पेशी घाबरते, एसआरईबीपी पुन्हा ऑर्डर सोडतं, एन्झाइम वाढतं. मग गोळीचा उपयोग काय? तर त्याच ऑर्डरमध्ये दुसरी ओळ असते: एलडीएल रिसेप्टर वाढवा. यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं आणि रिपोर्ट खाली येतो. ही फीडबॅकची गोष्ट उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना 1985 चं नोबेल मिळालं.

हे सगळं मी पप्पांना राधानगरीवरूनच सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांकडे गेले. गोळी परत सुरू झाली. आणि रविवारी वाटीभर पांढरा चालेल का, हेही त्यांनी तिथंच विचारून घेतलं. मी मध्ये पडलो नाही.