पोटात ढवळतं ते आकाशामुळे नव्हे

आमच्या धाराशिवला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं नियमित विमान नाही. त्यामुळे विमानाचं वेड लागलेल्या इथल्या मुलांचं पहिलं उड्डाण हल्ली घरातल्या संगणकावर होतं. उड्डाणाचा हुबेहूब भास देणाऱ्या प्रोग्रामला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. त्याला डोळ्यांवर बांधायचा व्हीआर हेडसेट जोडला की समोरचा पडदा नाहीसा होतो आणि आपण थेट वैमानिकाच्या खुर्चीत बसतो. मान वळवली की खिडकी, खिडकीखाली बालाघाटचे डोंगर. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये ही सोय डिसेंबर २०२० मध्ये आली.

माझी भाची बारावी विज्ञानाला आहे. तिला पायलट व्हायचंय. भावाच्या संगणकावर ती हा हेडसेट लावून बसली आणि दहा मिनिटांत तो काढून पलंगावर आडवी झाली. “मामू, पोटात ढवळतंय. मला विमान झेपायचं नाही.” घरातल्या काही वडीलधाऱ्यांना तेवढंच हवं होतं. मला मात्र हा निकाल पटेना. मी कविता लिहिणारा, बीए झालेला माणूस. पण विचारायची लाज वाटत नाही. जाणकारांना गाठलं, तेव्हा कळलं की खोट मुलीच्या पोटात नव्हती, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये होती.

मळमळ होते कशी? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात. डोळे सांगतात, विमान वळलं. कान सांगतो, छे, खुर्ची जागेवरच आहे. हे भांडण बहुतेकांच्या हळूहळू अंगवळणी पडतं. पण मान फिरवल्यावर चित्र जर अडखळत, मागून आलं, तर मेंदू चक्रावतो आणि राग पोटावर निघतो.

चित्र अडखळतं, कारण संगणकावर ओझं फार असतं. क्वेस्ट ३ नावाच्या हेडसेटमध्ये एकेका डोळ्यापुढे २०६४ गुणिले २२०८ ठिपके असतात. दोन्ही डोळ्यांचे मिळून झाले सुमारे ९१ लाख. फुल एचडी टीव्हीवर २१ लाखही नसतात. शिवाय सेकंदाला ९० चित्रं हवी असतील, तर एक चित्र रंगवायला सेकंदाचा नव्वदावा भाग मिळतो. आणि पोरं काय करतात? ढग, सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं, सगळ्यांचे खटके शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतात. ताटात सगळे पदार्थ एकदमच हवेत!

इथे मला एडविन लिंक आठवतो. या अमेरिकन माणसाने १९२९ मध्ये वैमानिकांच्या सरावाचं यंत्र बनवलं. वडिलांचा ऑर्गन आणि पियानोचा कारखाना होता, म्हणून त्याने ऑर्गनचेच भाते लावून ते डोलवलं. झाकण ओढलं की शिकणाऱ्याला बाहेरचं काही दिसत नसे; समोर नुसत्या तबकड्या आणि काटे. दुसऱ्या महायुद्धातले असंख्य वैमानिक या पेटीत तयार झाले. ढगांची शोभा नसली तरी चालतं. काटा वाचता आला पाहिजे.

म्हणून कात्री लावायची ती ढगांपासून. सिम्युलेटरमधले फुगीर ढग ग्राफिक्स कार्डाला सर्वांत जड जातात. मग सावल्या, प्रतिबिंबं, दाट झाडी. जमीन किती लांबवर बारकाईने दाखवायची, इमारती आणि रहदारी किती ठेवायची, याचा भार मात्र मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. दोघांपैकी दमतंय कोण, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. ठिपक्यांची संख्या कमी करून पाहा. चित्रांचा वेग वाढला, तर कार्ड दमलं होतं. नाही वाढला, तर प्रोसेसर.

डीएलएसएस नावाची एक सोय आहे. ती कमी ठिपक्यांत चित्र काढून मोठं करते. वेग छान मिळतो, पण पडद्यावरचे आकडे बदलताना मागे धुरकट सावली राहते. उंचीचा आकडाच नीट दिसला नाही, तर त्या वेगाचं करायचं काय? जुनं कार्ड असेल तर नाइलाज, एवढंच मी म्हणेन.

वेगापेक्षाही स्थिरता मोठी. ९० चित्रं जमत नसतील तर हेडसेटला ४५ वर बांधून टाकता येतं. मधलं एकेक चित्र तो अंदाजाने भरतो. पंख्याच्या कडेला थोडी थरथर दिसते, पण ४० आणि ७० मध्ये हेलकावे खाणाऱ्या चित्रापेक्षा ते पोटाला मानवतं.

परीक्षा अवघड जागी घ्यावी. आमच्या माळरानावर निरभ्र आकाशात सगळंच सुरळीत चालतं. मुंबईत पावसाळी ढगांखाली उतरताना कळतं. जागा तीच, हवा तीच, वेळ तीच ठेवून एका वेळी एकच सेटिंग बदलायचं आणि वहीत लिहायचं. आणि या सगळ्याच्या आधी दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून हेडसेटची चकती त्याप्रमाणे फिरवायची. हे फुकटचं काम लोक विसरतात आणि डोकेदुखी विकत घेतात.

या क्रमाने भाचीच्या सेटिंगला कात्री लागली. ढग निम्मे झाले, सावल्या गेल्या, चित्र ४५ वर स्थिरावलं. आता ती वीस मिनिटं बसते. जरा ढवळल्यासारखं वाटलं की लगेच थांबते. मळमळ दाबून बसणं चांगलं नाही.

हा नुसता खेळ आहे असं कोणी म्हणेल. युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या एका व्हीआर यंत्राला मान्यता दिली आहे. अर्थात ते यंत्र वेगळं. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि घरच्या हेडसेटवरचा एक तासही त्यात धरत नाहीत. विमान झेपतं की नाही, ते पाहायला वैद्यकीय तपासणी आहे. बारावीची परीक्षा झाली की भाची ती करून घेणार आहे.