अंडी नगावर घ्यावीत की वजनावर?

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातील दोन घरांत एकाच पाककृतीचा केक झाला. अमेरिकेत राहणाऱ्या भाचीने ती कृती पाठवली होती आणि त्यात ‘चार मोठी अंडी’ असे लिहिले होते. एका घरचा केक छान फुगला. दुसऱ्या घरचा मात्र कोरडा झाला, सुरी लावताच त्याचा भुगा पडू लागला. मैद्यावर, साखरेवर, ओव्हनवर बरीच चर्चा झाली. शेवटी दोन्ही घरची उरलेली अंडी काट्यावर ठेवली तेव्हा उलगडा झाला. एकीकडचे अंडे सुमारे ५७ ग्रॅमचे होते, दुसरीकडचे ४३ ग्रॅमचे. चार अंड्यांमागे ५६ ग्रॅमचा फरक पडला होता. म्हणजे दुसऱ्या घरच्या केकात जवळजवळ एक अख्खे अंडेच कमी होते!

अंडी आपण विकत घेतो नगावर, पण पदार्थात पडते ते वजन. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पैसे वाचतात आणि पदार्थही बिघडत नाही. म्हणून हा लेख. ज्यांच्या घरी अंडे येत नाही, त्यांनी तो होस्टेलवर राहणाऱ्या नातवंडांना पाठवावा.

आकार म्हणजे वजन

आपल्या देशात अंड्यांसाठी अ‍ॅगमार्कची प्रतवारी आहे. तिच्यात आकार कवचासकटच्या वजनावरून ठरतो:

लहान (स्मॉल): ३८ ते ४४ ग्रॅम
मध्यम (मीडियम): ४५ ते ५२ ग्रॅम
मोठे (लार्ज): ५३ ते ५९ ग्रॅम
खूप मोठे (एक्स्ट्रा लार्ज): ६० ग्रॅम आणि त्याहून जास्त

कोंबडी नुकती अंड्यावर आलेली असेल तर तिची अंडी लहान असतात. वय वाढते तसे अंडे मोठे होते, पण कवच पातळ होत जाते. कडक उन्हाळ्यात कोंबडी खाते कमी, त्यामुळे अंड्याचे वजनही थोडे घटते. म्हणून त्याच दुकानातून, त्याच भावात घेतलेला ट्रे दर महिन्याला सारख्याच वजनाचा निघेल असे नाही.

प्रत म्हणजे ताजेपणा

अ‍ॅगमार्कमध्ये वजनाबरोबर ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन प्रती आहेत. त्यांचा अंड्याच्या आकाराशी संबंध नाही. अंडे किती स्वच्छ, किती धड आणि आतून किती ताजे आहे, हे त्या सांगतात. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची छोटी पोकळी असते. अंडे शिळे होते तसा आतला ओलावा कवचातून उडतो आणि ही पोकळी वाढते. ‘ए’ प्रतीत तिची खोली ४ मिलिमीटरपर्यंत चालते, ‘बी’ प्रतीत ८ मिलिमीटरपर्यंत. जुने अंडे पाण्यात उभे राहते किंवा तरंगते, ते याच पोकळीमुळे.

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सुट्या अंड्यांवर कसलाच शिक्का नसतो. तिथे आपले डोळेच कामी येतात. तडा गेलेले अंडे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये, कारण तड्यातून जंतू आत शिरतात. अंडी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नयेत. कवचावरचा नैसर्गिक थर धुण्याने निघून जातो. धुवायचीच तर वापरायच्या आधी धुवावीत.

तपकिरी अंडे जास्त पौष्टिक, हा समज बहुतेक घरांत आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि पौष्टिकतेशी त्याचा संबंध नाही. गावरान अंडे, ज्याला आपले तेलुगू शेजारी ‘नाटु कोडी गुड्डु’ म्हणतात, महाग असते याचे कारण वेगळे आहे. गावरान कोंबडी वर्षाला फार थोडी अंडी देते, तर फार्मवरची पांढरी कोंबडी तीनशेच्या आसपास. चवीसाठी गावरान जरूर घ्यावे, पण ते आकाराने बहुधा लहानच असते, हे लक्षात असू द्यावे.

भाव कसा ठरतो?

‘नेक’ म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्या काळी मध्यस्थ ठरवतील त्या भावात, कधी खर्चही न निघता, कुक्कुटपालकांना अंडी विकावी लागत. आज ही समिती हैदराबादसह देशातील निरनिराळ्या केंद्रांसाठी रोज भाव सुचवते. तो शेकड्यावर असतो आणि घाऊक असतो. त्यावर वाहतूक, फूट आणि दुकानदाराचा नफा चढून आपल्या हातात ट्रे येतो. घाऊक भाव शेकडा ५५० म्हणजे साडेपाच रुपये नग असा हिशेब केला, की दुकानदार किती लावतो ते कळते.

भाव वर्षभर हलत असतो. मका आणि सोयाबीनची पेंड महागली की अंडे महागते, कारण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. उन्हाळ्यात मागणी उतरते. श्रावणात आपल्याकडे अंडी बंद होतात. तेलुगू घरांतही श्रावण आणि विशेषतः कार्तिक पाळतात, आणि अमान्त पंचांगामुळे दोघांचे महिने एकाच दिवशी सुरू होतात. कार्तिक सरला की थंडी आणि मागणी दोन्ही वाढतात, आणि बहुधा भावही.

दुकानात करायचा हिशेब

समजा, तीस अंड्यांचा एक ट्रे १८० रुपयांना आहे आणि दुसरा २०० रुपयांना. पहिल्यातले अंडे सरासरी ४५ ग्रॅमचे आहे, दुसऱ्यातले ५५ ग्रॅमचे. पहिल्यात एकूण १३५० ग्रॅम मिळतात, म्हणजे १०० ग्रॅमला १३ रुपये ३३ पैसे पडले. दुसऱ्यात १६५० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला १२ रुपये १२ पैसे. वीस रुपयांनी महाग दिसणारा ट्रेच स्वस्त निघाला. दुकानदाराच्या काट्यावर दहा अंडी ठेवून बघायला अर्धा मिनिटही लागत नाही.

पण मोठे अंडे नेहमीच फायद्याचे, असेही नाही. अंड्याचा रस्सा करताना आपण माणशी नग मोजतो. साठ जणांच्या पंगतीला प्रत्येकी दोन अंडी वाढायची, तर मध्यम आकाराची स्वस्त अंडी पुरतात. शिवाय उकडायला अगदी ताजे अंडे घेऊ नये, त्याचे कवच नीट सुटत नाही. आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेले सहज सोलते. हाफ फ्रायला मात्र ताजेच हवे, शिळ्याचा पांढरा बलक तव्यावर पसरतो.

केक, पुडिंग, कस्टर्ड यांना वजन महत्त्वाचे. कवच साधारण एक दशांश असते, त्यामुळे अमेरिकी ‘लार्ज’ अंडे फोडल्यावर सुमारे ५० ग्रॅम भरते. आपले ‘लार्ज’ही जवळपास तेवढेच असते. ब्रिटिश कृतीतले ‘लार्ज’ मात्र ६३ ते ७३ ग्रॅमचे, म्हणजे आपले ‘एक्स्ट्रा लार्ज’. तेव्हा भाचीच्या कृतीतल्या चार अंड्यांसाठी वाटीत २०० ग्रॅम होईपर्यंत अंडी फोडावीत. लहान अंडी असतील तर पाच लागतील.

ज्या घरचा केक बिघडला होता, तिथे पुढच्या रविवारी असेच केले. ४३ ग्रॅमचीच अंडी होती, या वेळी पाच घातली. केक छान झाला आणि डबा भरून शेजाऱ्यांकडेही गेला.