धानाच्या बांधीत दुसरे पीक

भंडारा व गोंदिया हे तलावांचे जिल्हे. येथील मालगुजारी तलावांनी आणि इटियाडोहसारख्या प्रकल्पांनी खरिपाच्या धानाला मोठा आधार दिला. मात्र ओलिताची सोय होताच उन्हाळ्यातही पुन्हा धानच लावण्याकडे कल वाढला. उन्हाळी धानास साधारणतः १२० सेंटिमीटर वा त्याहून अधिक पाणी लागते. हरभऱ्याचे २५ ते ३० सेंटिमीटरवर भागते. म्हणजेच एक हेक्टर धानाच्या पाण्यात सुमारे चार हेक्टर हरभरा पिकू शकतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा हिशेब फार मोलाचा आहे.

धानामागून धान घेतल्यास खोडकिडीला आयताच आसरा मिळतो. उलट, कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात व जमिनीचा कस टिकण्यास साहाय्य होते. उभ्या धानात लाखोळी वा जवस फेकून पेरण्याची ‘उतेरा’ पद्धत या भागाला नवी नाही. शिल्लक ओल वाया जाऊ नये, हेच तिच्यामागील शहाणपण होय.

अडचणीही आहेत. चिखलणीमुळे बांधीतील माती घट्ट होते व पाणी साचते. यास्तव लवकर तयार होणारे वाण निवडावे, कापणीपूर्वी पाणी तोडावे आणि निचऱ्यासाठी चर काढावेत. धानाला खरेदी केंद्राचा भरवसा असतो; तसाच भरवसा हरभरा, मका वा भाजीपाल्यास लाभला, तरच हा बदल टिकेल. तोवर प्रारंभ एका बांधीपासून करणे इष्ट ठरेल.