जाड मेणबत्तीला वात कोणती?

दिवाळीच्या आधी किंवा गॅदरिंगच्या स्टॉलसाठी मेणबत्त्या करायचं ठरलं, की सगळी चर्चा रंग, साचा आणि सुगंध यांवर होते. गोल बरी की चौकोनी, गुलाब घालायचा की चंदन... वातीचा विषय निघतो तो सगळ्यात शेवटी, आणि एका वाक्यात संपतो : "अरे, टाक की कुठलातरी दोरा!"

मेणबत्ती दिसते सुंदर, विकलीही जाते. घरी नेऊन पेटवली की मात्र दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ती तासाभरात स्वतःच्याच मेणात बुडून विझते, नाहीतर भडकते, एका बाजूनं फुटते आणि गरम मेण टेबलावर पसरतं. पहिल्या वेळी गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात. दुसऱ्या वेळी टेबलक्लॉथ, पडदा, कधी एखाद्याचा हातही भाजतो. दोन्ही वेळी दोष मेणाला दिला जातो, पण बहुतेक वेळा खरी गुन्हेगार असते वात.

हा लेख पिलर कॅन्डलबद्दल आहे, म्हणजे भांड्याशिवाय स्वतःच्या पायावर उभी राहणारी जाड मेणबत्ती.

आधी थोडी थिअरी

मेणबत्तीत जळतं काय? वात, असं उत्तर चटकन तोंडात येतं. पण वात जळते अगदी थोडी. जळते ती मेणाची वाफ. खात्री करायची असेल तर मेणबत्ती फुंकून विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच पेटती काडी लावा. ज्योत धुरातून उडी मारून खाली वातीवर येते, कारण तो 'धूर' म्हणजे थंड होऊन थिजू लागलेली मेणाची वाफच असते. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्ती या एकाच विषयावर सहा व्याख्यानं दिली होती. विषय वाटतो तितका पोरकट नाही, हे यावरून लक्षात यावं.

ज्योतीच्या उष्णतेनं मेण वितळून वातीभोवती छोटं तळं तयार होतं. केशाकर्षणानं ते मेण वातीतून वर चढतं, टोकापाशी त्याची वाफ होते, वाफ जळते, आणि त्या उष्णतेनं पुन्हा मेण वितळतं. म्हणजे वात हा इंधनपंप आहे. आता इथे एक गंमत आहे. सुती धाग्यांमधल्या फटी साधारण २० मायक्रॉन त्रिज्येच्या धरल्या आणि फर्स्ट इयरच्या फिजिक्सचं केशनलिकेचं सूत्र लावलं, तर वितळलेलं मेण ३० सेंमीपेक्षाही वर चढू शकतं असं उत्तर येतं. प्रत्यक्षात त्याला चढायचं असतं फार तर एखादा सेंटिमीटर. तेव्हा मेण वर पोचेल का, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे, तासाला *किती* पोचेल. ते ठरतं वातीच्या जाडीवर, विणीवर आणि ज्योतीत उघड्या असलेल्या लांबीवर.

आता आकडे बघू. मध्यम मेणबत्ती तासाला सुमारे ७ ग्रॅम मेण जाळते. पॅराफिन जळताना ग्रॅममागे सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता देतं. गुणाकार करा, ३६०० नं भागा, उत्तर येतं जवळजवळ ८० वॅट. एवढीशी ज्योत, पण एका जुन्या बल्बाएवढी ऊर्जा. शिवाय एक ग्रॅम मेण वितळवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या शंभरपटीहून जास्त उष्णता ते जळताना देतं. ही उष्णता बहुतेक वर निघून जाते, थोडीच खाली तळ्यापर्यंत येते. पण वात गरजेपेक्षा जाड झाली, की ती 'थोडी'सुद्धा जास्त होते आणि जाळता येईल त्याहून अधिक मेण वितळायला लागतं. मग बांध फुटतो.

कंदिलाला चाक असतं

कंदिलाची किंवा वातीच्या स्टोव्हची वात आपण चाक फिरवून वर-खाली करतो. काजळी धरली तर खाली, मंद झाली तर वर. समईतली वात काडीनं पुढे सरकवता येते. मेणबत्तीला असं चाक नाही. एकदा साच्यात मेण ओतलं की वात कायमची ठरली. म्हणून ती आधीच बरोबर निवडावी लागते.

समईची हाताने वळलेली वात मेणबत्तीत का चालत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. तेल आधीच पातळ असतं, मेण ज्योतीला वितळवून घ्यावं लागतं. नुसती पीळ दिलेली वात जळताना सरळ उभी राहते. तिचं टोक ज्योतीच्या मध्यभागी असतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे ते जळून जात नाही, वाढतच जातं. म्हणून पूर्वी युरोपात मेणबत्तीचं काळं टोक दर थोड्या वेळानं कात्रीनं छाटावं लागे. १८२५ मध्ये फ्रान्समधल्या कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. जळताना वेणी एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला बाहेर येतं, हवा मिळते आणि ते आपोआप जळून जातं. आज आपण कात्री हातात घेऊन बसत नाही, ते या वेणीमुळे.

बाजारात काय मिळतं?

*चपटी वेणी :* सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारी. किती पदरी आहे त्यावर तिचा आकार ठरतो. पॅराफिनच्या पिलरला चांगली.

*चौकोनी वेणी :* थोडी जाड आणि भरीव. चपटीपेक्षा सरळ उभी राहते, त्यामुळे ज्योत मध्यावर राहते. मधमाशांच्या मेणासाठी हीच घ्यावी.

*गाभ्याची वात :* मधोमध कागद, सूत किंवा जस्ताची तार असते. ती मुख्यतः ग्लासातल्या मेणबत्तीसाठी, कारण तिथे तळं खोल असतं आणि मऊ वात लोळते. पिलरला गरज नाही. गाभ्यात शिसं असलेल्या वातींवर अमेरिकेत २००३ मध्ये बंदी आली, कारण जळताना शिसं हवेत जातं. तार कसली आहे हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर ती वात घेऊच नका.

जाडी किती?

चपट्या वेणीसाठी सुरुवातीचा अंदाज असा :

- ५ सेंमी व्यासापर्यंत : १८ पदरी
- ५ ते ७.५ सेंमी : २४ पदरी
- ७.५ ते १० सेंमी : ३० पदरी
- १० सेंमीच्या पुढे : आणखी जाड वात, किंवा दोन-तीन वाती समान अंतरावर

हा फक्त *सुरुवातीचा* अंदाज आहे. प्रत्येक कारखान्याची वीण वेगळी, मेण वेगळं. एक गोष्ट मात्र पक्की : मेणबत्तीच्या *उंचीचा* वातीशी संबंध नाही, संबंध आहे *व्यासाशी*. उंच मेणबत्तीला जाड वात लागते हा गैरसमज आहे.

रंग आणि सुगंध घातला की गणित बदलतं. मेणात विरघळणारा रंग फारसा त्रास देत नाही, पण मेणखडू किसून घातले तर त्यातले रंगाचे कण वातीच्या फटीत अडकतात आणि पंप तुंबतो. सुगंधी तेल जास्त झालं तर काजळी वाढते. कडकपणासाठी स्टिअरिक ऍसिड घातलं, तरी पुन्हा तपासणी हवीच. जुन्या उरलेल्या तुकड्यांतून केलेल्या मेणबत्तीचा तर भरवसाच नाही, कारण आत काय काय आहे कोण जाणे.

वात तयार करणे

विकतची मेणबत्तीची वात बहुधा प्रक्रिया केलेली असते. साधा सुती वेणीचा दोरा वापरायचा असेल, तर एक पेला कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि दोन चमचे बोरिक पावडर विरघळवा (कॅरमसाठी मिळते ती चालेल, फक्त डब्यावर 'बोरिक' लिहिलेलं बघून घ्या). त्यात दोरा रात्रभर भिजवून दोन दिवस पूर्ण वाळवा. यामुळे वात सावकाश जळते, राख साठत नाही आणि विझवल्यावर टोक धुमसत राहत नाही. नायलॉन किंवा मिश्र धागा अजिबात नको, तो जळत नाही, वितळतो.

मग वात वितळलेल्या मेणात बुडवा. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत ठेवा, बाहेर काढून ताणून सरळ करा. आत हवा राहिली तर मेणबत्ती तडतडते. आणि रिळावरून कापताना प्रत्येक तुकड्याच्या एकाच टोकाला गाठ मारा, म्हणजे सगळ्या मेणबत्त्यांत वेणीची दिशा एकच राहील आणि तुलना खरी होईल.

खरी परीक्षा

स्टॉलसाठी शंभर मेणबत्त्या ओतण्याआधी तीन ओता. साचा, मेण, रंग, सुगंध सगळं तेच, फक्त वात वेगळी : अंदाजाची एक, तिच्याहून बारीक एक, जाड एक. एक दिवस तशाच ठेवा. मग वजन करा, वात ६ मिमी ठेवून कापा, वारा नसलेल्या जागी, स्टीलच्या ताटलीत, समोर बसून पेटवा. नियम असा की व्यासाच्या प्रत्येक इंचाला एक तास. ७.५ सेंमीची असेल तर तीन तास. विझवून, थंड करून पुन्हा वजन. असं तीन-चार वेळा.

वहीत हे लिहा :

१. तळं कुठवर गेलं? कडेला अर्धा ते एक सेंमी घट्ट भिंत उरली तर वात बरोबर. मध्ये विहीर पडत गेली तर वात बारीक. भिंत वितळली किंवा मऊ पडून फुगली तर जाड.

२. ज्योत किती उंच? अडीच ते पाच सेंमी ठीक. त्याहून उंच, नाचणारी, काळा धूर सोडणारी असेल तर वात जाड.

३. टोकावर काजळीचा गोळा धरला का? धरला तर वात जळते त्यापेक्षा जास्त मेण ओढते आहे. एक नंबर खाली या.

४. तासाला किती ग्रॅम? ७.५ सेंमी व्यासाची, १० सेंमी उंच मेणबत्ती साधारण ४०० ग्रॅमची होते. तासाला ७ ग्रॅम धरले तर ५५ तासांच्या आसपास चालायला हवी. हा आकडा स्टॉलवर पाटी लावून सांगता येतो, आणि तो खरा असतो!

दोन वातींमध्ये घोळ वाटला तर बारीक निवडा. बारीक वातीची मेणबत्ती फार तर विझते. जाड वातीची मेणबत्ती घर पेटवू शकते.

हॉस्टेलकरांसाठी चार शब्द

हे सगळं खोलीत करू नका. गादी, पुस्तकं, दोरीवरचे कपडे आणि वितळलेलं मेण एकत्र नको. वर्कशॉपमध्ये किंवा मेसच्या मागे, रेक्टरना सांगून, दोघं-तिघं मिळून करा. मेण थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवा. मेणाला आग लागली तर पाणी *कधीही* ओतू नका, पाण्याची क्षणात वाफ होऊन पेटतं मेण चौफेर उडतं. गॅस बंद करा, वर झाकण ठेवा आणि हात लावू नका. आणि उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका, नाहीतर पाइप तुंबला म्हणून प्लंबरमामा तुमच्या नावानं खडे फोडतील.

चार पैशांची वात, पण चारशे ग्रॅम मेणाचं काय होणार ते तीच ठरवते. तेव्हा या दिवाळीला साच्याआधी वातीचं रीळ आणा, वही उघडा आणि पहिल्या तीन मेणबत्त्या विकण्यासाठी नव्हे, जाळण्यासाठी करा!