घोडा लहान, म्हणून जागा अर्धी?

मोठ्या घोड्यासाठी बांधलेल्या तबेल्यात लहान चणीचं तट्टू आणायचं ठरलं की पहिला विचार होतो तो जागा वाचवण्याचा. बारा बाय बारा फुटांच्या खणात मधोमध प्लायवूडची आडभिंत उभी करायची, एकाचे दोन खण करायचे, आणि दार, गव्हाण, पाण्याची टाकी जिथल्या तिथे राहू द्यायची. नाशिकच्या सातपूरमध्ये हा विचार मनात येणं साहजिक आहे. औद्योगिक वसाहतीच्या आसपास प्रत्येक चौरस फुटाला भाडं असतं, पत्र्याखालची प्रत्येक जागा कधी गोदाम तर कधी वर्कशॉप होत असते, आणि आडभिंत घालून एका गाळ्याचे दोन करणं हे इथल्या कारागिराचं रोजचंच काम. पण घोड्याच्या बाबतीत हा हिशोब उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. लहान घोड्यासाठी तबेला बदलायचा तर उंचीची मापं बदलावीत, जमिनीचं क्षेत्रफळ शक्यतो तसंच ठेवावं. आपण नेमकं याच्या विरुद्ध करतो.

उंचीपासून सुरुवात करू. मारवाडी घोडा खांद्यापाशी साधारण साठ इंच भरतो, पुष्कळदा त्याहूनही जास्त. ब्रिटिश नोंदणीतलं शेटलंड तट्टू 42 इंचांच्या पुढे जात नाही, आणि मिनिएचर घोड्यांच्या अमेरिकेतल्या मुख्य नोंदणीत आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथली उंची 34 इंचांच्या आत असावी लागते. आता मोठ्या घोड्याच्या खणाचं खालचं अर्धं दार पाहा. ते सव्वाचार ते साडेचार फुटांचं, भरीव फळ्यांचं किंवा पत्र्याचं असतं. मारवाडी घोडी त्यावरून मान बाहेर काढून अख्ख्या अंगणावर नजर ठेवते. मिनिएचर घोड्याने मान ताणून वर केली तरी त्याचा डोळा फार तर साडेतीन फुटांवर येतो. म्हणजे त्याला दिवसभर समोर पत्रा आणि वर छप्पर, एवढंच दिसतं. घोडा कळपाचा प्राणी आहे. त्याला सोबती दिसावा लागतो, आवाज कुठून आला ते पाहावं लागतं. कोंडलेल्या घोड्याला जागच्या जागी डोलण्याची, लाकूड दातात धरून हवा ओढण्याची खोड लागते, आणि बाहेरचं व शेजारचं दिसू लागलं की डोलणं कमी होतं, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. म्हणून पहिली दुरुस्ती दाराची. खालचे दोन फूट भरीव ठेवावेत, त्यावर साडेतीन-चार फुटांपर्यंत उभे गज लावावेत. गजांमधलं अंतर मोठ्या घोड्याच्या हिशोबाने ठेवलं तर लहान खूर त्यात घुसून अडकतो, तेव्हा ते त्या जनावराच्या खुराहून निश्चित कमी हवं. दाराखालची फटही बुजवायची. मोठ्या घोड्याला जी फट जाणवतही नाही, तिथून लोळणाऱ्या तट्टाचा पाय बाहेर जातो आणि ते उठताना घाबरून धडपडतं. कडीकोयंडा बाहेरच्या बाजूने, शिवाय खाली आणखी एक खिटी. तट्टं ओठांनी कडी उघडायला लवकर शिकतात. मात्र दाराची चौकट माणसाच्या उंचीचीच राहू द्यावी. रोज लीद काढणाऱ्या, खरारा करणाऱ्या माणसाला कमरेतून वाकून आत जावं लागलं तर साफसफाईत कुचराई होणार.

बांधायच्या कड्याचंही तेच. भिंतीत पाच फुटांवर कडं असेल आणि दोर आखूड असेल तर लहान घोड्याची मान वर ताणलेली राहते. दोर लांब सोडला तर पुढचा पाय त्यात गुंततो. कडं त्याच्या स्वतःच्या डोळ्याच्या उंचीला हवं, आणि खणात असताना तर त्याला मोकळंच सोडावं. गव्हाणीचा प्रश्न याहून गंभीर आहे. सिमेंटची गव्हाण तीन-साडेतीन फुटांवर असते. घोडा मुळात मान खाली घालून चरणारा. खाली तोंड असलं की श्वासनलिकेत गेलेली धूळ, चिकटा बाहेर यायला मदत होते. लहान घोडा उंच गव्हाणीतून खातो तेव्हा मान वर करून खातो आणि कुट्टीची धूळ त्याच्या डोळ्यांत, नाकपुड्यांत पडते. गवताची जाळी खाली टांगणं हा उपाय सोपा वाटतो, पण त्यात खूर अडकतो. जमिनीलगत रुंद, बुटक्या काठाचं रबरी घमेलं हेच उत्तम. पाणीही बुटक्या टबात द्यावं. दोनशे लिटरच्या कापलेल्या ड्रमचं पाणी अर्ध्यावर आलं की लहान घोड्याचं तोंड पोचत नाही आणि मालकाला वाटतं, पाणी तर भरपूर आहे. शिंगरू असेल तर खोल टाकी जिवावरच बेतते. टब रोज ओतून घासता येतो, डासांच्या अळ्याही होत नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा. मूत्रातल्या युरियाचं जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, आणि त्याचा उगम अंथरुणातच असल्याने तो तिथेच सर्वांत तीव्र असतो. माणूस पाच-साडेपाच फुटांवर श्वास घेतो, मोठा घोडाही उभा असताना तसाच. लहान घोड्याचं नाक उभ्यानेही तीन फुटांवर, आणि खाताना तर जमिनीलाच टेकलेलं. आपल्याला वास आला नाही म्हणून हवा स्वच्छ आहे असं धरता येत नाही. मालकाने खणात गुडघ्यावर बसून वास घेऊन पाहावा. पत्र्याच्या शेडमध्ये हवा खेळायची सोय बहुधा छपरालगतच्या झडपेतून असते, खाली मात्र सगळं भरीव. दारातले गज आणि मागच्या भिंतीत खाली काढलेली जाळीची खिडकी यांनी हवा त्याच्या उंचीवरून वाहते. पावसाळ्यात त्र्यंबककडून येणारी झड अडवायला ताडपत्री लागेल, पण ती गुंडाळता येणारी हवी, कायमची ठोकलेली नको. गटारावरची जाळीही तपासायला हवी, कारण तिच्या खाचा मोठ्या खुरासाठी असतात. अंथरुणासाठी सातपूरमध्ये माल मुबलक आहे आणि जपायचं नेमकं तिथेच आहे. प्लायवूड आणि एमडीएफच्या कापणीचा बारीक भुसा चिकटद्रव्याचा असतो आणि धुळीचाही. साध्या मऊ लाकडाचा रंध्याचा भुसा चांगला. वर्कशॉपमधून आणलेल्या पोत्यात लेथवरचा बर किंवा खिळे असू शकतात, म्हणून त्यावरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय ते पोतं रिकामं करू नये. पॅलेटच्या फळ्या वापरायच्या तर शिक्का वाचावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं लाकूड, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडचा धूर दिलेलं. घोडा फळी कुरतडतो, तेव्हा दुसऱ्या शिक्क्याची फळी तबेल्यात नकोच.

आता जागेचा आक्षेप. शंभर किलोच्या आतबाहेरच्या जनावराला साडेचारशे किलोच्या घोड्याएवढी जागा कशाला? वजनाच्या प्रमाणात पाहिलं तर सहा बाय बाराचा अर्धा खण पुरेसा दिसतो. पण लहान जातींची प्रकृती थोडक्या चाऱ्यावर चरबी साठवणारी आहे. हालचाल कमी, चंदी जास्त, असं झालं की खुरांच्या आतल्या पडद्यांना सूज येते, म्हणजेच लॅमिनायटिस होतो, आणि जनावर पायावर उभं राहीना. उलट आजाराने किंवा ताणाने त्यांनी खाणं सोडलं तर रक्तात चरबी उसळून जीव धोक्यात येतो; तट्टं, मिनिएचर घोडे आणि गाढवं यांत हा विकार विशेष दिसतो. हालचाल आणि सोबत या दोन्ही त्यांच्यासाठी औषधासारख्या आहेत. म्हणून दोन तट्टं ठेवायचीच असतील तर आडभिंत घालण्यापेक्षा पटणाऱ्या जोडीला अख्खा खण मोकळा द्यावा आणि खायच्या वेळेपुरता मध्ये काढघालीचा अडणा लावावा. भाडं तेवढंच राहतं, आणि प्रत्येकाला चालायला पूर्ण बारा बाय बारा फूट मिळतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदाही हेच सांगतो: हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या जागेत प्राणी कोंडणं आणि अवाजवी आखूड दोराने फार वेळ बांधून ठेवणं हा त्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. कायद्याने घोड्याच्या आकारावरून सूट दिलेली नाही.

आपली दख्खनी तट्टं तर उघड्यावर जगली, त्यांना कसली खिडकी आणि कसली गव्हाण, असंही म्हणतात. हे खरं आहे आणि म्हणूनच विचार करण्याजोगं आहे. त्यांतलंच भीमथडीचं तट्टू मराठ्यांच्या फौजेत दौडलं, आजही धनगरांचा संसार पाठीवर घेऊन मेंढ्यांबरोबर मैलोन् मैल चालतं. ते उघड्यावर असतं म्हणजेच ते दिवसभर चालतं, मान खाली घालून चरतं, सोबती पाहतं आणि मोकळी हवा घेतं. तबेला यांतली प्रत्येक गोष्ट काढून घेतो. त्या काटकपणाचा दाखला द्यायचा असेल तर तो मोकळ्या जागेच्या बाजूने द्यावा लागेल, अर्ध्या खणाच्या बाजूने देता येणार नाही.

उरतो खर्च, आणि उद्या पुन्हा मोठा घोडा आला तर काय, हा प्रश्न. इथे सातपूरचा फायदा आहे. अँगलची चौकट, गजांचा पल्ला, जाळीची खिडकी हे सगळं इथला कोणताही फॅब्रिकेटर करून देईल. फक्त वेल्डिंगऐवजी नटबोल्टने जोडायला सांगावं, म्हणजे पल्ला उतरवून जुनं दार पुन्हा बसवता येतं. जुन्या गव्हाणी आणि टाक्या घासून निर्जंतुक करण्यात मात्र काटकसर नको. ग्लँडर्स हा रोग घोड्यांच्या सामाईक पाण्यातून, गव्हाणीतून पसरतो, माणसालाही होतो, आणि 2006-07 च्या सुमारास पुणे-पाचगणीकडे तो आढळला होता. नवं जनावर आणण्याआधी पशुवैद्यकाकडून त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. आणि सुताराला किंवा फॅब्रिकेटरला बोलावण्याआधी चार मापं कागदावर लिहून ठेवावीत: घोड्याच्या खांद्याची उंची, मान वर केल्यावर डोळ्याची उंची, खाली घातलेल्या नाकाची जागा आणि खुराची रुंदी. खणाचं माप त्यानंतर घ्या.