प्लास्टिकच्या कचऱ्याची पारख

रुग्णसेवेत प्लास्टिकवाचून एक दिवसही निभत नाही. एकदाच वापरावयाच्या सिरिंज, नळ्या व हातमोजे यांमुळे जंतुसंसर्गाचा धोका पुष्कळ कमी झाला. मात्र त्यांच्या कचऱ्याचा प्रश्न उभा राहिला. प्लास्टिक हा एकच पदार्थ आहे, हा समज त्याच्या पुनर्वापरातील पहिला अडथळा होय.

सिरिंजचे नळकांडे पॉलिप्रॉपिलीनचे, सलाइनची बाटली बहुधा पॉलिएथिलीनची, रक्ताची पिशवी व पुष्कळशा नळ्या पीव्हीसीच्या, तर पिण्याच्या पाण्याची बाटली पेटची असते. या वस्तू एकत्र वितळवता येत नाहीत. पेट वितळण्यास सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्याआधीच पीव्हीसीचे विघटन होऊन आम्लयुक्त वायू सुटतो. त्यामुळे पीव्हीसीचा अल्पसा अंशही पेटचा सारा माल बिघडवतो. पीव्हीसी उघड्यावर जाळल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात.

वर्गीकरणाची एक सोपी रीत पाण्याची आहे. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पीव्हीसी व पेट मात्र दोन्ही बुडतात. मोठ्या प्रकल्पांत त्यांची ओळख अवरक्त किरणांनी पटवतात. परंतु सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय म्हणजे कचरा निर्माण होतो तेथेच तो वेगळा करणे.

जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार दूषित नळ्या, बाटल्या, हातमोजे व सुईविरहित सिरिंज लाल पिशवीत जमा होतात. निर्जंतुकीकरण करून व तुकडे करून ते प्लास्टिक अधिकृत पुनर्प्रक्रियाकारांकडे जाते. सुया मात्र न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकावयाच्या असतात.

कचऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे आपल्या परिसराने अनुभवले आहे. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीवर वारंवार आगी लागत. घनकचऱ्याच्या प्रश्नावरून एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील नव्या बांधकामांना मनाई केली होती.

सर्वाधिक धोका असतो तो कचरा हाताळणाऱ्या सफाई कामगारांना व कचरावेचकांना. म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांना आमची नम्र विनंती आहे, की पाण्याच्या बाटल्या व खाद्यपदार्थांची वेष्टने लाल पिशवीत टाकू नयेत आणि वापरलेल्या सिरिंज वा हातमोजे साध्या कचऱ्यात जाऊ देऊ नयेत. देणगीदार व विश्वस्त यांनीही रंगीत डबे, पिशव्या व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांवरील खर्च रुग्णसेवेचाच भाग मानावा, ही प्रार्थना.